छावणीच्या गावातला प्रश्न

महाराष्ट्राला दौंड ठाऊक आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला मनमाडकडचा फाटा इथे फुटतो. पण या गावाची दुसरी ओळख खाकी आहे. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ५ आणि गट क्रमांक ७ या दोन्ही गटांची मुख्यालये दौंडमध्ये आहेत, आणि जवळच नानवीजला या बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. लोक त्याला नुसते ‘एसआरपी’ म्हणतात. कंपनी, प्लाटून, समादेशक, कवायतीचे मैदान, शस्त्रागार ही सगळी लष्करी घडण एका तालुक्याच्या गावात नांदते आहे. त्याच परिसरात भीमा आणि घोड नद्यांच्या पात्रांतून रात्री वाळू उपसली जाते. कुरकुंभ आणि रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींभोवती भंगाराच्या आणि मजूर पुरवण्याच्या ठेक्यांवरून दादागिरी चालते, आणि कोयता नाचवून दहशत बसवणारी पोरे पुण्यापुरती उरलेली नाहीत. एखादा खून झाला, भर बाजारात एखाद्यावर वार झाले, की चौकातून हमखास एक मागणी येते: पोलिसांच्याने हे होणार नाही, मिलिटरी बोलवा. ही मागणी मूर्खपणाची नाही. ती घाबरलेल्या माणसाची आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. टोळी मोडण्याचे काम सैनिकाच्या हाती देऊ नये. त्याची कारणे दौंडच्या या छावणीकडे बघत जितकी स्पष्ट होतात तितकी क्वचित कुठे होतील.

राखीव पोलीस ही काय चीज आहे ते आधी पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात तेव्हाच्या मुंबई राज्याने हे बल उभे केले आणि १९५१ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. दंगल पेटली, जमाव अनावर झाला, तर दर वेळी लष्कराच्या दाराशी जावे लागू नये, राज्याच्या हाताशी स्वतःचे शिस्तबद्ध सशस्त्र बल असावे, ही गरज त्यातून भागली. म्हणजे ‘सैनिकाने पोलिसाला मदत करावी का’ या प्रश्नाचे एक उत्तर आपण सत्तर वर्षांपूर्वीच देऊन बसलो आहोत. सैनिकासारखे कवायती, पण पोलिसांच्याच कायद्यात आणि राज्याच्याच गृहखात्यात राहणारे बल आपण घडवले. आणि हे बल काय करते? निवडणुकीचा, वारीचा, गणपतीचा बंदोबस्त. गडचिरोलीतली तैनाती. दंगलीच्या गावात संचलन. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला १ जानेवारी २०१८ रोजी जो हिंसाचार झाला, त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी जयस्तंभाच्या परिसरात जो प्रचंड बंदोबस्त लागतो, त्यातही या बलाच्या तुकड्या असतात. हे काम अंगमेहनतीचे, घरापासून दूर नेणारे आणि अत्यंत गरजेचे आहे. पण त्यात फिर्याद घेणे नाही, पंचनामा नाही, साक्षीदाराच्या घरी चार वेळा जाणे नाही. एसआरपीचा जवान गावात येतो तो गाव ओळखत नसतो. त्याला आणले जाते तेच त्यासाठी. दंगलीत हा अनोळखीपणा गुण ठरतो. टोळीपुढे तोच उणीव ठरतो.

कायद्याची भाषाही हाच भेद करते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३० होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४९ आहे. त्यानुसार दंडाधिकारी लष्कराची मदत मागू शकतात ती बेकायदेशीर जमाव पांगवण्यासाठी, आणि तीही दुसऱ्या मार्गाने तो पांगत नसेल तर. शक्य तितके कमी बळ वापरावे, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा व्हावी, असे तिथे लिहिले आहे. ‘जमाव’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जमाव दिसतो, एका जागी असतो, तो पांगला की काम संपते. टोळी दिसत नाही. ती दिवसा पानाच्या टपरीवर उभी असते, लग्नात जेवायला असते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पॅनेलमागे असते. तिला पांगवायचे कुठून? राज्यघटनेनेही पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे ठेवले, आणि मुलकी सत्तेच्या मदतीला येणारे केंद्राचे सशस्त्र दल त्यातून वेगळे काढले. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्यावरच्या १९९७ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण मदत म्हणजे मुलकी सत्तेची जागा घेणे नव्हे, हेही बजावले.

आता टोळी कशावर जगते ते जवळून बघू. भीमेच्या काठी वाळूविरुद्धची कारवाई कशी होते, ते या भागातल्या लोकांना पाठ आहे. तहसीलदारांचे पथक पोलीस घेऊन नदीवर जाते. पात्रात फायबरच्या यांत्रिक बोटी सापडतात, माणसे पाण्यात उड्या टाकून पलीकडच्या काठाला निघून जातात. बोट ओढून न्यायची सोय नसते, म्हणून जिलेटिनच्या कांड्या लावून ती तिथेच उडवली जाते. मोठा आवाज होतो, धूर उठतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आणि काही दिवसांनी पात्रात दुसरी बोट उभी असते. इथे बळ कमी पडले का? नाही. स्फोट करण्याइतके बळ वापरून झाले होते. कमी पडले ते दुसरेच काही: बोट कोणाच्या पैशाने आली, वाळूचे ट्रक कोणाच्या नावावर आहेत, रात्री रस्त्यावर ‘गाडी येतेय’ म्हणून फोन करणारी पोरे कोण, डंपर कुठल्या बांधकामावर खाली झाला, तिथे बिल कोणाच्या नावाने फाटले. या कागदाच्या साखळीला हात लागला नाही, म्हणून बोट परत आली. पथकाच्या जागी रणगाड्यांची तुकडी काठावर उभी केली असती, तरी ती बोटच उडवू शकली असती.

टोळीला खरोखर धक्का देणारी हत्यारे महाराष्ट्राने बनवली आहेत आणि ती सगळी कागदी आहेत. १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा, ज्याला सगळे ‘एमपीडीए’ म्हणतात. त्यात पुढे वाळू तस्करांचीही भर पडली. तडीपारीची कलमे. आणि १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का. मोक्का लावायचा तर आधीच्या दहा वर्षांत त्या टोळीवर एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात, आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते. या अटीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सहा वर्षांपूर्वी एखाद्या ठाण्यातल्या हवालदाराने ढाब्यावरच्या मारामारीची साधी फिर्याद नीट लिहून घेतली असेल, जखमीचा दाखला जोडला असेल, पंच खरे घेतले असतील आणि दोषारोपपत्र वेळेत कोर्टात पोचवले असेल, तरच आज त्या टोळीच्या म्होरक्याला मोक्कात घालता येते. त्या रात्री ‘मिटवून घ्या’ म्हणून दोघांना घरी पाठवले असेल, तर आज हातात काहीच नाही. टोळीविरुद्धची लढाई बंदुकीच्या आवाजात सुरू होत नाही. ती रात्री अकरा वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, तक्रार लिहून घ्यायची की नाही या निर्णयापासून सुरू होते. या टेबलावर सैनिकाला बसवता येत नाही. तो कमी प्रतीचा आहे म्हणून नव्हे, त्याला वेगळ्या कामासाठी घडवले आहे म्हणून. समोरचा शत्रू ओळखावा आणि निकामी करावा, हे त्याचे शिक्षण. समोरचा माणूस निर्दोष असू शकतो असे धरून पुरावा गोळा करावा, हे पोलिसाचे.

याच मातीत दीडशे वर्षांपूर्वी सैन्य आले होते, तो प्रसंग इथे आठवावा असा आहे. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांकडे कर्जरोखे, खतपत्रे मागितली, वह्या जाळल्या, दुकाने लुटली. पाठोपाठ आज दौंड तालुक्यात असलेल्या केडगावला मोठ्या सावकाराचे घर पेटले. दोन महिन्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. हे शेतकरी म्हणजे टोळी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाडलेल्या माणसांचा तो उठाव होता. पण सरकारचा प्रतिसाद पाहण्यासारखा आहे. सैन्य लगेच बोलावले, गावोगाव पोलीस चौक्या बसवल्या, ९५१ माणसे धरली. एवढे करूनही मुलूख पुरता शांत व्हायला कित्येक महिने लागले. आणि प्रश्न हलला तो कशाने? दख्खन दंगल आयोग बसला, त्याने खेड्यापाड्यांतून जबान्या घेतल्या, कर्जाचे हिशेब तपासले, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने सगळे भले झाले असे नाही. तरी सावकार आणि कूळ यांच्यातला व्यवहार कोर्टाने तपासावा, ही सोय झाली. सैन्याने शांतता आणली, आणि शांततेत काय करायचे ते सैन्याला माहीत नव्हते. ते माहीत असणे त्याचे कामही नव्हते.

जगात हा प्रयोग अनेकांनी करून पाहिला आहे, आणि आपल्याला तो फुकटात बघायला मिळतो आहे. मेक्सिकोने डिसेंबर २००६ मध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध मिचोआकान प्रांतात हजारो सैनिक उतरवले. तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या मोजणीनुसार २००७ मध्ये देशात ८,८६७ खून झाले होते. २०११ मध्ये ते २७,२१३ झाले. म्होरके मारले गेले, टोळ्या फुटल्या, आणि फुटलेल्या तुकड्या एकमेकींवर तुटून पडल्या. सगळी वाढ एकट्या सैन्यामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण सैन्याने ती थांबवली नाही हे उघड आहे. त्याहून भयंकर गोष्ट आधीच घडली होती. ‘सेतास’ या सर्वांत क्रूर टोळीचा गाभा मेक्सिकोच्या लष्करातल्या विशेष पथकांतून पळालेल्या जवानांनीच बनवला होता. टोळीकडे पैसा असतो, आणि ज्याला तिच्याजवळ सतत ठेवाल त्याला ती विकत घेण्याचा प्रयत्न करते. दक्षिण आफ्रिकेने जुलै २०१९ मध्ये केपटाऊनच्या टोळीग्रस्त वस्त्यांत लष्कर पाठवले. पुढच्या मार्चमध्ये लष्कर परत गेले. टोळ्या तिथेच राहिल्या. स्वीडनमध्ये १९३१ साली ओडालेन इथे सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडून पाच माणसे मारली, तेव्हापासून नागरिकांसमोर सैनिक उभा करायला तो देश कचरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये टोळ्यांच्या गोळीबारांनी आणि स्फोटांनी हैराण होऊन तिथल्या पंतप्रधानांनी पोलीसप्रमुख आणि लष्करप्रमुखांना एकत्र बोलावले. तरी चर्चा झाली ती स्फोटकांचे ज्ञान, विश्लेषण, साधनसामग्री पुरवण्याची. गल्लीत बंदूकधारी सैनिक उभा करण्याकडे ती गेली नाही. मला ही सीमारेषा शहाणपणाची वाटते.

या युक्तिवादावरचा सर्वांत जोरकस आक्षेप एल साल्वाडोरचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मार्च २०२२ च्या अखेरीस तिथे तीन दिवसांत ८७ माणसे मारली गेली. सरकारने आणीबाणी लावली, सैनिक आणि पोलीस वस्त्यावस्त्यांत शिरले, आणि पुढच्या काही वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. एके काळी जगातल्या सर्वाधिक खुनांच्या देशांत गणला जाणारा हा देश आज रात्री रस्त्यावर फिरता येईल असा झाला, हे तिथले सामान्य लोक सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. त्या देशाची लोकसंख्या साठ-बासष्ट लाखांच्या घरात आहे. त्या प्रमाणात, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८० हजार वस्तीच्या दौंड तालुक्यातून जवळजवळ पाच हजार माणसे उचलून आत टाकावी लागतील. वकील नाही, सुनावणी एकेकट्याची नाही, शेकडोंची एकत्र. तिथल्या सरकारनेच पुढे हजारो माणसांना निर्दोष म्हणून सोडले. ती माणसे कोणाच्या वस्तीतली असतील, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींचा इतिहास फार जुना नाही, आणि ‘संशयित’ म्हणून पहिला हात कोणत्या पालावर पडतो ते पारध्यांच्या पोरांना विचारावे. शिवाय तिथले खून आणीबाणीच्या आधीपासूनच उतरत होते. २०१५ मध्ये लाखामागे शंभरच्या वर असलेले प्रमाण २०२१ पर्यंत वीसच्या खाली आले होते. पुणे जिल्ह्यातली टोळीची गुन्हेगारी कितीही संतापजनक असली, तरी ती त्या मोजमापाच्या आसपासही नाही. त्या औषधाची किंमत मोजायला आपला आजार तेवढा नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा आणि अधिक दुखरा वाटतो. लोक म्हणतात, पोलीस विकला जातो, त्याच्यावर पुढाऱ्याचा फोन येतो, सैनिकावर येत नाही. हे म्हणणाऱ्याला अनुभव आहे, त्याला खोटे पाडता येणार नाही. पण सैनिकाचा हा सोवळेपणा तो दूर असतो म्हणून टिकतो. त्याला वाळूच्या घाटावर, ठेक्याच्या गेटवर, बदल्यांच्या आणि शिफारशींच्या जगात दोन वर्षे ठेवा, आणि मग बघा. शिवाय बाहेरून आलेल्या तुकडीला कोणाच्या घराची कडी वाजवायची हे सांगणार कोण? तेच ठाणे, तोच बीट अंमलदार. तो विकला गेलेला असेल तर तुकडी चुकीच्या दारावर जाईल. म्हणून पोलिसाला पुढाऱ्याच्या फोनपासून वाचवणे हाच सरळ मार्ग उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह प्रकरणात नेमके तेच सांगितले होते: अधिकाऱ्याला ठरावीक मुदत द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करा, तक्रारींसाठी प्राधिकरण बसवा. यातला तपास वेगळा करण्याचा मुद्दा दौंड-शिरूरसारख्या भागात सर्वांत निकडीचा आहे. इथल्या ठाण्यातला तपास अधिकारी आज यात्रेच्या बंदोबस्ताला, उद्या मंत्र्याच्या दौऱ्याला आणि परवा मोर्च्याला जातो. त्याच्या टेबलावरचा खुनाच्या प्रयत्नाचा कागद तोवर पडून राहतो, आणि तेवढ्या दिवसांत साक्षीदाराच्या घरी टोळीची माणसे चहा पिऊन आलेली असतात.

हा साक्षीदार या सगळ्या प्रश्नाचा कणा आहे. टोळीचे भांडवल म्हणजे भीती. ‘मी काही पाहिलं नाही’ हे तीन-चार माणसांनी कोर्टात म्हटले की वर्षभराचा तपास कोसळतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिच्यात ओळख लपवणे, घराजवळ पहारा, राहण्याची दुसरी सोय अशा तरतुदी आहेत. सशस्त्र मनुष्यबळ खरोखर उपयोगी पडावे अशी ही जागा आहे. दहशतीखालच्या कुटुंबाच्या दाराशी पहारा, आरोपीला कोर्टात नेताना भक्कम बंदोबस्त, नदीपात्राला रात्री वेढा घालायचा तर दोन्ही काठांवर एकाच वेळी माणसे, झडतीच्या वेळी गल्लीची दोन्ही तोंडे बंद. ही कामे दौंडच्या गटांतल्या तुकड्या उत्तम करू शकतात. झडती मात्र तपास अधिकारी घेईल, पंचांसमोर घेईल, आणि जप्तीचा कागद त्याच्या सहीचा असेल. लष्कराकडून बॉम्ब निकामी करण्याचे शिक्षण घ्यावे, उपकरणे घ्यावीत. मुंबईवरचा नोव्हेंबर २००८ चा हल्ला होता तसा युद्धासारखा प्रसंग आला, तर राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंना बोलवावेच. तिथे शत्रू हातात रायफल घेऊन ठरावीक इमारतींत होता, आणि काम तासांत मोजायचे होते.

शस्त्रांच्या बाबतीत पोलीस कमी पडतील, ही भीतीही तपासून घ्यावी. गडचिरोलीत माओवाद्यांकडे स्वयंचलित रायफली आणि भूसुरुंग होते. तिथेही महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक तरुणांमधून सी-६० हे पोलिसांचेच पथक उभे केले. त्याचे बळ बंदुकीइतकेच गोंडी-माडिया भाषा आणि जंगलातल्या पायवाटा माहीत असण्यात होते. पुणे जिल्ह्यातल्या टोळक्यांकडे कोयते आणि गावठी पिस्तुले आहेत. ती पिस्तुले बहुतेकदा मध्य प्रदेशातून येतात, कोणाच्या तरी गाडीतून, कोणाच्या तरी हातून, पैसे देऊन. त्या वाटेचा माग फोनच्या नोंदींनी आणि पकडलेल्या पोराच्या जबाबाने लागतो.

राखीव बलातल्या जवानाला ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर जिल्हा पोलीस दलात बदली मागता येते. पुष्कळ जण ती मागतात, घर एका जागी राहावे म्हणून. दौंडच्या मैदानावर कवायत केलेला माणूस मग एखाद्या दिवशी ठाण्यात येतो आणि त्याच्यापुढे गुन्ह्याचे कागद येतात. त्याला पंचनामा कसा लिहायचा, मुद्देमालाला सील कसे लावायचे, मोबाइलमधला पुरावा कोर्टात टिकेल असा कसा घ्यायचा, हे शिकवायला सध्याच्या व्यवस्थेत किती आठवडे ठेवले आहेत, यावर माझ्या मते मिलिटरीच्या मागणीपेक्षा अधिक बोलले गेले पाहिजे. नानवीजला मैदान आहे, वर्गखोल्या आहेत, शिकवणारेही आहेत.